घाफला घाबरवणारे अंकल

केअरफुल अंकल हिरव्या सिग्नललासुद्धा थांबत. माणसांसाठीचा दिवा हिरवा झाला, सगळे भराभर पलीकडे पोचले, तरी हे अलीकडच्या फुटपाथवर उभे. "आत्ता लागलाय की कधीचा लागलाय, आपल्याला काय ठाऊक, बाय?" म्हणत ते तो हिरवा वाया घालवायचे आणि पुढच्या हिरव्याला रस्ता ओलांडायचे. दाराला कुलूप लावून खाली गेले की कुलूप बघायला पुन्हा वर येत. आयडी कार्ड खिशात आहे ना, हे लिफ्टच्या प्रत्येक मजल्याला चाचपत. हे नाव त्यांना माझ्या लेकीनं दिलं होतं. अंकल तिला जिन्यात दिसले की "केअरफुल हां, केअरफुल" म्हणत आणि ती "येस, केअरफुल अंकल!" म्हणत दोन-दोन पायऱ्या उडवत जाई.

शारजाला अल मजाजमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते राहत. मूळचे वसईचे. घरची केळीची आणि फुलांची वाडी, त्यामुळे मातीत हात घालायची सवय लहानपणापासूनची. दुबईच्या एका हॉटेलात बागेचे सुपरवायझर म्हणून त्यांची उभी हयात गेली. बायको-मुलगी वसईला. पहाटे पाचला कंपनीची बस येई, हे साडेचारलाच खाली जाऊन थांबत.

आमच्या बिल्डिंगचे मालक म्हणजे एक वयस्कर अरब गृहस्थ. सगळे त्यांना अरबाब म्हणत. एका फेब्रुवारीत ते स्वतःच्या गाडीतून घाफचं वीतभर रोप घेऊन आले. घाफ म्हणजे इथल्या वाळवंटाची सावली. त्याची फांदी तोडायची कुणाची छाती नाही. पार्किंगमागच्या मोकळ्या पट्ट्यात ते लावायचं ठरलं, आणि झाडांतलं कळणारा माणूस म्हणून अंकलना बोलावणं आलं. "मेरे बाप के घर के झाड का बच्चा है. वो झाड अब नहीं है. तुम देखो," एवढंच अरबाब म्हणाले. अंकल "इन्शाल्ला" म्हणाले, वर आले आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन ग्लास पाणी प्याले.

"मेलं तर, गो? त्या माणसाला मी काय तोंड दाखवू?"

त्यांची पद्धत मला तेव्हा क्रूर वाटली होती. रोपाशेजारी त्यांनी एक पोकळ पाईप उभा पुरला, वरून खडी पसरली. पहिले काही आठवडे जपलं आणि मग पंधरा दिवसांतून एकदाच, तेही त्या पाईपमधून खोल पाणी. वरून थेंब नाही. मे महिन्यात बाहेर पाय ठेवला की डोळे चुरचुरतात, अशा उन्हात ते पोर तहानलेलं उभं. मी रागावले, तर म्हणाले, "मुळाला भीती वाटली पाहिजे, बाय. वर काय मिळत नाय हे कळलं की मगच ते खाली जातं. लाडावलं तर वरच लोळत बसंल."

"मग अंकल, तुमचं मूळ तर पाताळात पोचलं असेल," मी म्हणाले. ते हसले नाहीत. हे खरं असेल का, याचा बहुतेक विचार करत होते.

ऑक्टोबरात सासूबाई पुण्याहून आल्या. खाली फिरायला गेल्या आणि रोपापाशी थबकल्या. "अगं, ही तर शमी!" खरंच होतं ते. तीच बारीक पानं, तेच काटे. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी अल मजाजच्या पार्किंगमागे उभी होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. सासूबाईंच्या लेकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साडेसाती चालू होती. त्याच्या ऑफिसात दर गुरुवारी कुणाला तरी केबिनमध्ये बोलावून पत्र देत होते. नोकरी गेली की व्हिसा गेला, लेकीची शाळा गेली, सगळंच खलास. मला गुरुवारी जेवण जात नसे. "शनिवारी शमीला पाणी घाल," सासूबाई म्हणाल्या. मी शनिवारवर थांबले नाही, रोज घालू लागले. अंकलची बस गेली की एक तांब्या. आणि मूर्खपणा असा की बिल्डिंगमधल्या आणखी चार मराठी बायकांना सांगितलं. प्रत्येकीला कसली ना कसली भीती होतीच. रोज पाच तांबे पाणी त्या खडीत जिरत होतं. संध्याकाळी अंकल येईपर्यंत वर काही दिसत नसे.

झाड झपाट्यानं वाढलं. माझ्या खांद्याला लागलं. नवऱ्याची नोकरीही टिकली, त्यामुळे माझी श्रद्धा दुप्पट झाली. अंकल मात्र अस्वस्थ. "एवढं बरं चाललंय, बाय, भीती वाटते."

जुलैत शाळा सुटल्या आणि दरवर्षीप्रमाणे सगळी बिल्डिंग भारतात गेली. पाचही तांबे गेले. तेविसाव्या दिवशी पुण्यात माझा फोन वाजला. "बाय, पानं गळतायत गो. एक बाजू वाळली. मी काय चुकलो ते कळत नाय मला. अरबाब सप्टेंबरात येतील." काय चुकलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. लाडावलेली मुळं वरच लोळत बसली होती आणि वरचं पाणी बंद झालं होतं.

मी सांगितलं नाही. "बघते हं, कुणाला तरी विचारते," म्हणाले. तीन दिवस त्यांचा फोन आला की मी आंघोळीला गेलेली असायचे. ते आपल्या हयातभराच्या विद्येवर शंका घेत असतील हे कळत होतं, तरी तोंड उघडत नव्हतं. चौथ्या दिवशी मीच फोन केला आणि एका दमात सगळं ओकले.

अंकल म्हणाले, "किती तांबे? किती वाजता?" मी रडायला लागले, तर, "रड नंतर. वेळ सांग."

त्या दिवसापासून त्यांनी पहाटेच्या काळोखात, माझ्या वेळेच्या जवळात जवळ, पाच तांबे घातले. मग साडेचार तांबे. मग चार. एकेक घोट तोडत, दारुड्याची दारू सोडवावी तसं. मी ऑगस्टअखेर परतले तेव्हा अंकल निम्मे झाले होते आणि झाड अर्धं. सप्टेंबरात अरबाब आले. मी अंकलच्या मागे उभी राहिले, सगळं कबूल करायचं ठरवून. पण कुणी काही विचारण्याआधीच हिरव्या सिग्नलला थांबणारा तो माणूस पुढे झाला. "गलती मेरी है, अरबाब. पानी का हिसाब मेरे से गलत हुआ." अरबाबांनी जिवंत फांदी नुसती दोन बोटांनी धरली, सोडली आणि म्हणाले, "तुम देखो." मी तोंड उघडलं नाही. ते आजही मला खुपतं.

त्याच ऑक्टोबरात त्यांचा व्हिसा संपला. एअरपोर्टवर साडेचार तास आधी पोचले. जाताना मला म्हणाले, "आता तू देख." वसईहून दर पंधरा दिवसांनी फोन येई. मी म्हणे, "अंकल, पानं पिवळी दिसतायत, घालू का थोडं?" ते इतके घाबरत, इतके प्रश्न विचारत, की त्यांची समजूत काढता काढता माझीच भीती निघून जाई आणि मी नळ बंद ठेवे.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. सकाळी वाडीत गेले होते, तिथेच गेले. मुलगी म्हणाली, "पपा घाबरायला पण थांबले नाय."

या जुलैत नवरा आणि लेक पुण्याला गेले. मी तिकीट काढलं नाही. लेक म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ ट्री." आज दुपारी खाली गेले, खडी बाजूला सारून मातीत बोट घातलं. कोरडं. टोकाची पानं पिवळी. पाण्याला अजून चार दिवस आहेत. मूळ खाली उतरतंय की झाड मरतंय, मला कळत नाही. पाईपपाशी मी बराच वेळ उभी होते. फोन हातात होता आणि माझ्याहून जास्त घाबरणारं माणूस आता कुणी उरलं नव्हतं.