कॉफी नसलेलं घर

नौफाच्या घरी कॉफी नाही, हे अजलूनच्या डोंगरातल्या त्या सगळ्या गावाला ठाऊक होतं. ज्या मुलखात दारात आलेल्याला आधी कॉफी देतात आणि मग नाव विचारतात, तिथे हे जरा अतीच होतं. पण नौफाचं म्हणणं सरळ होतं: जे आपल्या रानात उगवत नाही ते आपण का प्यायचं? साखर, मीठ, काड्यापेटी आणि गॅसचा सिलिंडर एवढंच ती खालच्या दुकानातून आणायची, आणि साखर आणतानाही तिचं तोंड वाकडं व्हायचं.

वय छप्पन्न. लग्न झालं नाही, कारण आई लवकर गेली आणि धाकटा भाऊ मिफ्लिह तेव्हा रांगत होता. त्याला वाढवता वाढवता मागणी घालणारे आपापली लग्नं उरकून मोकळे झाले. ह्याचं तिला फार वाईट वाटलं असं कुणी पाहिलं नाही. बाप गेल्यावर खालचं मोठं घर आणि ऑलिव्हची बाग मिफ्लिहकडे आली. वरचं दोन खोल्यांचं दगडी घर आणि त्याच्या मागची खडकाळ उतरण नौफाच्या हिश्शाला आली. बाकीच्या दोन बहिणींनी एकाच आठवड्यात कोर्टात जाऊन आपला हिस्सा भावाच्या नावे सोडला, त्याच्याकडे पोटभर जेवल्या आणि आपापल्या सासरी गेल्या. गावात हीच रीत. नौफाला मात्र कोर्टाचं नाव काढलं की गुडघे धरायचे. उतरण चढताना ते कधी धरले नाहीत.

त्या उतरणीवर नांगर चालत नाही. तिथे मरमिया उगवते, राखाडी पानांची, बोटाने चुरगळली की हाताला दिवसभर वास राहतो अशी. वसंत सरता सरता, दव वाळल्यावर आणि ऊन चढायच्या आत, नौफा ती कापायची. बुंध्याशी दोन बोटं ठेवून कापायची, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा फुटते. मागच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट लावलेलं असे आणि त्या अंधारात जुड्या उलट्या टांगलेल्या असत. बाबूनजची फुलं जुन्या चादरीवर पसरलेली, लिंबाच्या वासाची पानं टोपलीत. पोटदुखीवरची कडूजहर वनस्पती, जिला तिथे जादा म्हणतात, ती वेगळ्या कोपऱ्यात, कारण तिचा कडवटपणा शेजाऱ्यांना लागतो. "माणसांसारखंच आहे," एवढंच नौफा त्यावर म्हणायची.

मरमिया उकळत्या पाण्यात टाकायची असते, पाण्याबरोबर उकळायची नसते. मिफ्लिहची बायको इन्साफ ती चांगली दहा मिनिटं उकळायची आणि मग सगळ्यांना सांगायची, "नणंदबाईंचा चहा नुसता काढ्यासारखा लागतो बाई." तिच्या बापाने नाव इन्साफ ठेवलं होतं, पुढचं त्याच्या हातात नव्हतं.

नौफा पाहुण्याला काय घेणार असं विचारत नसे. तोंडाकडे बघायची आणि किटलीला हात घालायची. शेजारची उम्म रातिब रोज यायची आणि रोज भांडायची.

"मी आले की तुला आजारीच दिसते. एकदा तरी पुदिना दे की, चांगल्या माणसासारखा."

"रात्री भोपळ्याची भाजी खाल्लीस ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या पोटाने. पी गुमान."

उम्म रातिब नाक मुरडून जादा प्यायची आणि जाताना अर्धा डझन अंडी ठेवून जायची. नौफा कुणाकडून काही मागत नसे, पण आणलेलं परतही करत नसे.

मिफ्लिहला ती उतरण हवी होती. अम्मानची माणसं शुक्रवारी हवा खायला डोंगरात यायला लागली होती, आणि तिथून खालचं खोरं थेट दिसायचं. त्याला तिथे काचेच्या भिंतींच्या तीन खोल्या बांधायच्या होत्या. तो एकटा तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा नौफाने त्याला चहा दिला आणि शेळ्यांचा विषय काढला.

"ताई, मरमिया काय, डब्यांत लाव की. तेलाचे रिकामे डबे मी आणून देतो."

"लावली होती. चार डब्यांत चार. महिन्यात पिवळी पडली. तिला खडक लागतो."

"मग खडक घाल डब्यात."

"आणि तुझ्या डोक्यात काय घालू?"

इन्साफ म्हणाली, तुम्ही एकटे जाता म्हणून ती हसण्यावारी नेते. चार वजनदार माणसं न्या. माणसांसमोर बाई मोडून बोलत नाही.

त्यातून मिफ्लिहच्या डोक्यात जाहा न्यायचं आलं. जाहा म्हणजे गावातल्या मानाच्या माणसांना पुढे घालून मागणं मागायला जाणं. मुलीला मागणी घालायची असेल, नाहीतर कुणाच्या हातून खून झाला असेल, तेव्हा नेतात. यजमान कॉफी पुढे ठेवतो, आणि मुख्य माणूस पेल्याला बोटही लावत नाही. मागणं मान्य झालं तरच पितो. कॉफी तशीच निवली तर यजमानाची अब्रू गेली, म्हणून नाही म्हणायला फार मोठं काळीज लागतं. सख्ख्या बहिणीच्या दारात जाहा नेलेली मात्र कुणी ऐकली नव्हती. हाजी सायिल, ज्यांच्या शब्दावर तीन गावांतली भांडणं मिटली होती, ते ऐकून आधी हसलेच. मग मिफ्लिहच्या बापाची आठवण ठेवून तयार झाले. पण त्यांना ते मनातून पटलं नव्हतं.

शुक्रवारी नमाजानंतर सहा माणसं चढण चढून वर आली. हाजी सायिल सत्तरीचे, त्यांना दम लागला होता. सगळ्यांच्या मागे मिफ्लिह होता आणि त्याच्या हातात भलामोठा लाल थर्मास होता.

नौफाने गाद्या टाकल्या. उम्म रातिब आधीच येऊन कोपऱ्यात बसली होती. असली गंमत ती सोडणार नव्हती. नौफाला मात्र गंमत वाटत नव्हती. माणसं मोजून तिने ओळखलं होतं कशासाठी आलीत ते. एकट्या मिफ्लिहला टोलवणं वेगळं. हाजी सायिलना ह्या घरातून हात हलवत परत पाठवलं तर उद्यापासून गावात तोंड दाखवायची सोय नाही, आणि हो म्हटलं तर उतरण गेली.

मिफ्लिहने थर्मास उघडला. वेलचीचा वास खोलीभर पसरला.

"हे काय?" हाजी सायिलनी विचारलं.

"कॉफी, हाजी. ताईकडे नसते ना, म्हणून घरून आणली. इन्साफने खास केलीय."

हाजींनी थर्मासकडे बघितलं, मग मिफ्लिहकडे.

"अरे शहाण्या, मागायला आलेल्या माणसाने आपलीच कॉफी आणायची? आणि मग ती मी प्यायलो नाही म्हणून तुझ्या बहिणीने लाजायचं? लाजायचं तर इन्साफने लाजायला पाहिजे!"

उम्म रातिबने डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. बाकीचे चौघे चटईचे धागे बघत बसले.

"पण मग जाहा..."

"झाकण लाव. गार होतेय." हाजी नौफाकडे वळले. "पोरी, चढण चढून घसा कोरडा पडलाय. तुझ्या घरात जे असेल ते दे."

नौफा उठली. सवयीने तिने एकेकाचं तोंड बघितलं. एकाला पोटाचं होतं, त्याला जादा. तिघांना बाबूनज. हाजींना मरमिया, पानं दोन जास्त. तिचे हात नेहमीसारखे चालत होते. मिफ्लिहसाठीही तिने पेला भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

हाजी सायिलनी पेला उचलला.

"हाजी, थांबा!" मिफ्लिह जवळजवळ ओरडला. "अजून मागणं घातलं नाही. तुम्ही प्यायलात तर..."

"तर काय? कॉफी आहे का ही? मरमियाला कुणी कधी शब्द बांधलाय?" ते सावकाश दोन घोट प्यायले. "आता माग काय मागायचंय ते."

हाजी पिताहेत म्हटल्यावर मिफ्लिह सोडून बाकीच्यांनीही पेले उचलले. ज्याला जादा मिळाली होती त्याने डोळे मिटून गिळली. मिफ्लिहला एकट्यालाच बोलावं लागलं. तो रस्त्याबद्दल बोलला, पाहुण्यांबद्दल बोलला, बापाच्या नावाबद्दल बोलला. बोलता बोलता त्यालाच कळत होतं की हाजींसमोर न प्यायलेला पेला नसेल तर ह्या सगळ्याला काही वजन नाही. शेवटी तो चिडला.

"सगळ्यांसमोर सांग, ताई. तुला भाऊ पाहिजे का ती उतरण पाहिजे?"

हा प्रश्न येणार हे नौफाला बाप गेल्यापासून, चार वर्षं, माहीत होतं, तरी तो ऐकून तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला.

"दोन्ही," ती म्हणाली. "दोन्ही मला बापाने दिलेत. एक मी कापते, वाळवते. दुसरा मी हगलं-मुतलं काढून वाढवलाय. दोन्हींतलं एकही मी कुणाच्या दारात मागायला गेले नव्हते. सही मी करणार नाही, मिफ्लिह. आज नाही, मेल्यावर माझा अंगठा धरून करून घे."

हाजी सायिलनी रिकामा पेला पुढे सरकवला. "अजून अर्धा दे," ते म्हणाले, आणि त्यावरून सगळ्यांना कळलं की जाहा संपली.

मिफ्लिह उठला. थर्मास काखेत मारून तो दारापर्यंत गेला. पुन्हा ह्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही असं काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. दाराची चौकट धरून तो खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

नौफा त्याचा पेला हातात घेऊन त्याच्याजवळ गेली.

"घे."

"मी हा प्यायलो..." त्याने श्वास घेतला. "मी प्यायलो तर लोक म्हणतील, मी तुझं ऐकलं."

"तू प्यायलास तर खोकला थांबेल," नौफा म्हणाली. "बाकी काही होणार नाही."

मिफ्लिहने थर्मास खाली ठेवला आणि दारातच उभ्याने पेला संपवला.