आईच्या पापण्यांच्या कडा

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा माझी आई तिथे रेजा होती, म्हणजे बांधकामावर टोपली वाहणारी बाई. आम्ही भंडाऱ्याकडून आलेलो, मजुरांच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहायचो. दिवसभर सिमेंट तिच्या डोळ्यांवर बसायचं. पापण्यांच्या कडा लाल, सुजलेल्या. सकाळी चिपडांनी अशा चिकटायच्या की बोटांनी सोडवाव्या लागत.

त्या हिवाळ्यात वस्तीत बायांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला. धम्म घेतल्यापासून आईला वाचायला शिकण्याचा ध्यास लागला होता. एरंडेलाच्या दिव्यावर वाटी उपडी धरून ती काजळ पाडायची, तुपात कालवायची आणि वर्गाला निघण्याआधी दोन्ही डोळ्यांत भरायची. काजळाने डोळे थंड राहतात ही तिची पक्की समजूत. शिवाय, "पुस्तकासमोर बसाचं तं नीटनेटकं बसाचं," म्हणायची. डोळ्यांची आग वाढतच गेली.

नळावर शेजारीण म्हणाली, "या वयात अक्षरं पाहून राहिली, डोळे जातीन नाही तं काय!" आई एरवी कोणाचं ऐकून घेणारी नव्हती, पण हे तिच्या मनात घर करून बसलं. बाराखडी अर्ध्यावर आली होती. तिने वर्ग सोडला.

शेवटी दवाखान्यातल्या नर्सने तिची पापणी उलटून पाहिली आणि हिंदीत चांगलंच झापलं. अक्षरांचा काही दोष नव्हता. सिमेंटची धूळ आणि ते काजळ पापण्यांच्या केसांच्या मुळाशी साचून कडा सुजत होत्या. काजळ बंद. कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचं, खपल्या मऊ झाल्या की कडा हलक्या हाताने पुसायच्या, चोळायचं नाही. बरं वाटलं तरी रोज करायचं, कारण हे दुखणं पुन्हा पुन्हा येतं.

ते काम माझ्याकडे आलं. मी दहा वर्षांची, तिरसट. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची आणि मी शाळेच्या घाईत फडकं पिळायची. "हळू, माय," एवढंच ती म्हणायची. महिनाभरात सूज उतरली. काजळाशिवाय तिचा चेहरा मला परक्या बाईचा वाटायचा.

डोळे निवळले तशी ती पुन्हा वर्गाला गेली. पण वर्ग उठला होता. मास्तर दुसरीकडे गेले होते आणि वर्ग भरायचा त्या शेडमध्ये लोखंडी सळ्या रचल्या होत्या.

नंतर एकदा, डोळ्यांवर फडकं असतानाच तिने विचारलं, "तू शिकवशीन का मले?"

मी म्हटलं, मला माझाच अभ्यास पुरे आहे. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी तिच्या पापण्या पुसल्या. रोजची दहा मिनिटं. तेवढीच आणखी दहा मिनिटं देता आली असती. वेळ नव्हता, असं मी लोकांना सांगते. खरं तर मला कंटाळा होता, आणि माझी आई वाचायला न शिकताच गेली.