नव्या ॲम्पवर नारळ फोडला

डोकं फिरलंय राव, म्हणून लिहितोय.

या ग्रुपवरच्या निम्म्या लोकांचं डोकं खाऊन मी गिटारसाठी ट्यूबचा ॲम्प घेतला होता. छोटा, वापरलेला, पण मला परवडणारा. घरी हळू वाजवता येतो, कार्यक्रमात पुढं माइक लावला की मांडवभर पोचतो. आतल्या काचेच्या ट्यूबा तापल्या की गिटारचा आवाज असा भरून येतो की बास!

आज खोडदला हळदीचा कार्यक्रम होता. ॲम्प तापायला चालू करून ठेवला आणि केबल आणायला गाडीकडं गेलो. परत येतो तर आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक दत्ताभाऊ ॲम्पला हळद-कुंकू लावून त्याच्याच कोपऱ्यावर नारळ फोडतायत. पाणी वरच्या जाळीतून थेट आत. टक्कन आवाज आला आणि ट्यूब तडकली.

मी ओरडलोच, "भाऊ, काय केलं हे?"

"आरं, नवी मशीन हाय. ट्रॅक्टरवर बी असाच फोडतो, त्याला कधी काय झालं का?"

चुकलं म्हणायचं तर नावच नाही! वर माझी गिटार मांडवाच्या साउंडला जोडायला लावली. पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज. भाऊ मात्र खूश. "आला ना आवाज? मग त्या काचा कशाला पायजेत?"

येताना गाडीतूनच फोन करून नव्या ट्यूबा मागवल्या. भाऊंनी ऐकलं आणि म्हणाले, "आल्या की सांग. आज पूजा अर्धीच राह्यली."

या माणसाला आवरू कसा, तुम्हीच सांगा.