पंचनामा काकू

गाडी लावून कुणी आठ-दहा दिवस गावाला गेलं, की परत आल्यावर त्याला टायरवर खडूची पांढरी रेघ दिसायची. रेघ टायरवरून उतरून थेट रस्त्यावर गेलेली. गाडी जरा जरी पुढेमागे झाली तरी रेघेचे दोन तुकडे व्हायचे, नाहीतर ती अखंड राहायची. ही रेघ पंचनामा काकूंची. महिनाभर रेघ जुळलेली राहिली की काकू ती गाडी बेवारस ठरवत आणि आमच्या नगरपालिकेच्या ऑफिसात अर्ज घेऊन येत. अर्ज घ्यायला टेबलापलीकडे मी बसलेला असे.

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्या, मग काका गेले, मुलगी लग्न होऊन नाशिकला. आयुष्यभर आकडे ऐकलेले, त्यामुळे गाडीचा नंबर एकदा वाचला की पाठ. अर्ज मात्र नुसत्या नंबरावर थांबायचा नाही. कुठलं चाक बसलंय, टपावर गवत किती वाढलंय, आत कुणाची मांजर व्यायली आहे, सगळं मुद्देसूद. ऑफिसातल्या शिपायाने त्यावरूनच त्यांचं नाव ठेवलं होतं. काकूंना ते कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. पंचनामा नीट असेल तर साहेबाला नाही म्हणायला जागा राहत नाही, असं त्यांचं मत होतं.

मी तेव्हा नवा होतो आणि खरं सांगायचं तर त्यांना टाळायचो. त्या जिन्यात दिसल्या की चहाला जायचो. पण त्या बाकावर बसून राहायच्या, पिशवीतलं भरतकाम काढायच्या आणि मी येईपर्यंत दोन फुलं भरून झालेली असायची.

दवाखान्याच्या वळणावरच्या टेंपोने माझं मत बदललं. कुणीतरी तो तिथे सोडून गेलं होतं, आणि त्याच्यामुळे अँब्युलन्सला वळण एका दमात घेता येत नव्हतं. तीन वेळा मागेपुढे करावं लागे. मालक जुन्या पत्त्यावर नव्हता. नोटीस चिकटवायची, मुदत संपायची, पोलिसांना कळवायचं, क्रेन मागवायची, असं ते लांबलचक काम. काकू दर सोमवारी हजर. "गाडी हलत नाही हे मला दिसतंय," त्या म्हणाल्या, "कागद तरी हलू दे." मग मीच तो कागद हातात घेऊन टेबलाटेबलावर फिरलो.

क्रेन आली त्या दिवशी सगळी गल्ली रस्त्यावर होती. काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. टेंपो उचलला गेला, टाळ्या पडल्या, कुणीतरी पेढे वाटले. काकूंचं लक्ष मात्र रस्त्याकडे. दुपारी एक अँब्युलन्स आली आणि न थांबता सर्रकन वळून आत गेली. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'अहो'चा 'अरे' झालो.

पण काकूंची खरी ओळख मला पटली ती एका रविवारी. चारच्या सुमाराला त्यांचा फोन आला. सकाळी भाचीकडे जाताना आरे-वारेच्या चढावर त्यांना एक मोटरसायकल उभी दिसली होती. परत येताना ती तिथेच होती, म्हणून त्या रिक्षातून उतरल्या होत्या. मी म्हटलं, कुणी पर्यटक समुद्रावर गेला असेल, उद्या अर्ज द्या.

"अर्ज गाडीचा नाही रे, माणसाचा आहे," त्या म्हणाल्या. "हँडलला पिशवीत बांगडे आहेत. मी मासे खात नाही, पण मला एवढं कळतं. आपल्याकडचा माणूस एक वेळ गाडी टाकील, बांगडे उन्हात टाकून जायचा नाही. पोलिसांना कळवलंय. तू ये."

मी गाडी काढली ती कधी पोचलो कळलं नाही. दोन पोलीस आले होते, रिक्षावाला होता, वाटेने जाणारे पाचसात जण थांबले होते. जो तो उतारावर उतरून हाका मारत होता, आणि एकाच्या हाकेत दुसऱ्याची हाक बुडत होती. खाली समुद्राची गाज. काकूंनी हात वर केला आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, पोलिसांनासुद्धा. मग त्या रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभ्या राहिल्या. खरखरणाऱ्या लाइनीतून मुंबईचा आवाज वेगळा काढणारे ते कान. आम्ही श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"तिकडे," त्या म्हणाल्या. "त्या करवंदीच्या मागे."

करवंदीच्या जाळीमागे कातळाला खोल भेग होती. आत एक माणूस अडकला होता. आतल्या गावातला गवंडी. आडोशाला म्हणून उतरला आणि पाय घसरून आत गेला. मोबाइल गाडीच्या डिकीत राहिलेला. "हतं हाय मी," आपण इथे आहोत एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत होता, आम्ही त्याच्याजवळ पोचल्यावरही. दोर लावून त्याला वर घेतला. मांडीचं हाड मोडलं होतं, पण तो वाचला. स्ट्रेचरवरून त्याने काकूंना हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "बायकोचा नंबर सांग आधी." त्याने सांगितला आणि काकूंनी तो न लिहिता फिरवला.

रात्री मला झोप आली नाही. सोमवारपर्यंत थांबा म्हणून मी सांगितलं होतं, ते सारखं आठवत होतं. काकूंनी तो विषय कधीच काढला नाही.

गेल्या वर्षी मुलीने त्यांना नाशिकला बोलावून घेतलं. जायच्या आठवडाभर आधी काकू ऑफिसात आल्या आणि त्यांनी नेहमीसारखा अर्ज पुढे केला. स्कूटर, राखाडी, दोन्ही चाकं बसलेली, सीटवर पालापाचोळा. ठिकाण: अर्जदाराच्या घराची पडवी. मालकाच्या जागी काकांचं नाव होतं. बेवारस पडण्याचं कारण: चालवणारा राहिला नाही.

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मी अर्ज दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच त्यांना परत केला. म्हटलं, "काकू, हा घेता येत नाही. चालवणारा आहे."

दुसऱ्या दिवशी काकू कागदपत्रांची फाइल घेऊन आल्या आणि कुठला फॉर्म आधी भरायचा ते मला समजावून सांगितलं. आमच्या मेकॅनिकने दिवसरात्र खपून स्कूटर चालू केली, कागदही वेळेत झाले.

स्टेशनवर मी काकूंना त्याच स्कूटरवरून नेलं. वाटभर त्या मागून सूचना देत होत्या. क्लच हळू सोड, चढावर ती रुसते, ह्यांना माहीत होतं. आगगाडी हलली तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं. मी खिडकीबरोबर चालत होतो, मग पळत. काय म्हणत होत्या ते आवाजात नीट येईना, शेवटचं तेवढं स्पष्ट ऐकू आलं:

"फार दिवस एका जागी उभी ठेवू नकोस."