दाजींची बुडालेली द्वारका

माझ्या दाजींचं नाव कारभारी, पण जन्मात एक कारभार त्यांनी धड केला नाय. हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आलोय, पाठीमागं नाय. मी पुंजाराम. पुंडलिकनगरात राहतो, रिक्षा चालवतो. माझी थोरली बहीण वच्छलाबाई, तिला आम्ही आक्का म्हणायचो, ती दाजींना दिलेली. दाजी मूळचे देवगाव रंगारीचे. गावाकडं थोडी शेती, पण उमेदीची सगळी वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात गेली आन् बिऱ्हाड बजाजनगरात. माणूस निर्व्यसनी. तंबाखू नाय, पत्ते नाय. एकच व्यसन, आन् ते दारूपेक्षा वाईट. द्वारका!

कृष्णाची सोन्याची द्वारका समुद्रात बुडाली, हे आपण लहानपणापासून ऐकतो आन् सोडून देतो. दाजींनी सोडलं नाय. ते म्हणायचे, शहर बुडालं, माणसं बुडाली नायत. पाणी चढायच्या आधीच तिथले पाथरवट बायकापोरं घेऊन निघाले आन् चालत चालत आपल्या या डोंगरांत आले.

"पुंजाराम, ज्याचं घर एकदा पाण्यानं नेलं, तो परत भुईवर भिंत उभी करंल का? तो डोंगरात शिरंल. वेरूळ काय उगाच हाय?"

आता वेरूळची लेणी कुणी कोरली, कधी कोरली, हे मोठमोठ्या लोकांनी लिहून ठेवलंय. दाजी ते वाचायचे आन् हसायचे, लिहिणाऱ्याची कीव आल्यासारखे. असल्या माणसाशी काय डोकं लावणार?

पण हे खूळ आलं कुठून, तेही सांगतो, नायतर तुम्हाला वाटंल माणूस जन्मजात येडा. दाजींचं आजोळ पैठणकडं, गोदाकाठी. जायकवाडीचं धरण झालं आन् ते गाव नाथसागराच्या पोटात गेलं. दाजी तेव्हा पोरगं होते. मामानं जातं, उखळ, दाराची चौकट, सगळं बैलगाडीत घातलं आन् निघाला. पुढं मामा एकीकडं, मावशी दुसरीकडं, गावातली माणसं कुठं कुठं पांगली. आजोळ म्हणून जायला जागाच उरली नाय. गाव बुडालं की माणसं जातात कुठं, हा प्रश्न त्या पोराच्या डोक्यात जो शिरला, तो निघालाच नाय.

कंपनीच्या बसमध्ये दाजींच्या शेजारची जागा रिकामी असायची. लोकं उभ्यानं येतील, पण तिथं बसणार नायत. माझ्या पोरीच्या साखरपुड्यात दाजी व्याह्यांना धरून बसले. पंगत उठली तरी व्याही तिथंच, हातात गार झालेला चहा. नंतर ते मला बाजूला घेऊन विचारतात, "पाव्हणं, हे तुमच्या घराण्यात पहिल्यापासून हाय का?" मला तर भुईनं पोटात घ्यावं असं झालं.

आक्काही ऐकायची नाय. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. दाजींनी तोंड उघडलं की ही म्हणायची, "अवो, द्वारका गेली बुडून. तुम्ही आधी दळण घेऊन या." मग दाजी मुकाट डबा उचलून गिरणीत जायचे आन् गिरणीवाल्याला सांगायचे. तिथं निदान गिरणीचा आवाज असायचा, गिरणीवाल्याचा त्रास तेवढाच कमी.

या सगळ्याला दाजींकडं पुरावा होता एकच. गावच्या शेताच्या बांधावर एक काळा दगड, छातीइतका उंच. त्याच्यावर रेघा होत्या. दाजी म्हणायचे ती नाव हाय, खाली वल्ही हायत. "देवगावात समुद्र कुठून आला? मग नाव कुणी कोरली?" मी तो दगड पाहिलाय. नाव म्हटली तर नाव, नायतर औताचा फाळ घासून पडलेल्या रेघा. पण दाजींना एकच ध्यास. आपण मरायच्या आत कुणीतरी जाणत्या माणसानं येऊन तो दगड बघावा आन् काय ते सांगावं. किती ठिकाणी गेले, किती जणांच्या दारात बसले. कुणी आलं नाय.

अशात गावाकडं पाणंदीचा रस्ता निघाला. शेताशेतांतून जाणारी ती वाट रुंद करायची तर बांध मोडणार, दगड जाणार. दाजींनी पुतण्याला, बद्रीनाथला, फोन केला. तो म्हणाला, "काका, दगडच तर हाय. भरावात टाकू." झालं! दाजी पहिल्या बसनं गावाला गेले. वाटेत शेंदूर घेतला, तेल घेतलं, नारळ घेतला. जेसीबी यायच्या आत दगडाला शेंदूर फासला, दोन डोळे काढले, उदबत्ती लावली आन् लांब जाऊन लिंबाखाली बसले. जेसीबीवाला आला, बघतो तर देव. त्यानं चपला काढल्या, हात जोडले आन् रस्ता वाकडा नेला. तो रस्ता आजही तिथं वाकडाच हाय.

परत आल्यावर दाजींनी मला आन् आक्काला हे सांगितलं आन् पोट धरून हसले. एवढं हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "रस्ता होऊ दे. मग घासलेट लावून शेंदूर पुसून टाकतो."

पुसतो कशाचं! शेंदूर लागला की दगड आपला राहतो व्हय? वर्षाच्या आत कुणाची आटलेली म्हैस दूध द्यायला लागली, कुणाची सोयरीक जुळली. दगडाला ओटा झाला, वर पत्रे आले. पाणंदीचा म्हसोबा! दर अमावास्येला नैवेद्य आन् शेंदराचा नवा थर. बघता बघता नाव गेली, रेघा गेल्या. तळाशी वीतभर दगड तेवढा उघडा राहिला, तिथं वल्ह्यांची टोकं दिसायची. दाजी गावाला गेले की तेवढंच बघत बसायचे. गावाला वाटायचं, काका लई भक्त.

मग आक्का गेली. दोन दिवस ताप आला आन् गेली. दळण आणा म्हणणारंही घरात कुणी राहिलं नाय. मी संध्याकाळी चक्कर मारायचो, तर दाजी दिवा न लावता बसलेले. द्वारकेचा विषयही काढायचे नायत. त्या गप्प बसण्यानं माझ्या जिवाला घोर लागला. देवाशपथ सांगतो, त्यापेक्षा त्यांची बडबड परवडली.

मागच्या हिवाळ्यात माझ्या रिक्षात एक बाई बसल्या. अंबिका मॅडम, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या. रिक्षावाल्याला तोंड आवरत नाय. मी म्हणालो, "मॅडम, माझे दाजी लई येडे हायत," आन् सगळं सांगितलं. त्या हसल्या नायत. म्हणाल्या, "रविवारी जाऊ या का बघायला?"

दाजींनी लग्नातला कोट काढला. रिक्षात देवगावपर्यंत ते बोलत होते आन् मॅडम ऐकत होत्या. मधूनमधून विचारत होत्या, पटलं नाय तिथं नाय म्हणत होत्या.  एवढ्या वर्षांचं साठलेलं, माणूस बोलणार नाय तर काय!

म्हसोबापुढं मॅडम उकिडव्या बसल्या, तळाच्या रेघा निरखल्या. म्हणाल्या, "एवढ्यावरून सांगता येणार नाही. फाळाच्याही असतील. वरचा शेंदूर काढला तर कळेल."

दाजींनी खिशातून चिंधी काढली. बद्रीनाथ आडवा आला. "काका, देवाला हात लावायचा नाय."

"आरं, कसला देव? मीच लावलाय शेंदूर, या हातानं! जेसीबी अडवायला!"

माणसं जमली होती. कुणी हसलं नाय, कुणी चिडलंही नाय. बद्रीनाथ समजुतीच्या सुरात म्हणाला, "व्हय काका. देव अशीच कुणाच्या तरी हातून सेवा करून घेतो."

 दाजींच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट अशी, की ती सोळा आणे खरी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तीसुद्धा कुणाला पटंना. मी मधी पडलो तर मलाच गप्प केलं. दाजी चिंधी धरून तसेच उभे.

तेवढ्यात बद्रीनाथची आई, साळूबाई, पुढं आली. दाजींची थोरली भावजय, आक्काची जाऊ. "भावजी, या बाई तुमचं ऐकायलाच आल्या ना? मग नवस फेडा."

"कसला नवस?"

"वच्छलानं बोलला व्हता इथं, माझ्यासमोर. 'मला त्यांचं काय कळत नाय, ऐकवत बी नाय. पण म्हसोबा, त्यांचं मन लावून ऐकणारं एक तरी माणूस धाड. तुला शेंदराचा सबंध लेप चढवीन.'"

दाजींनी हातातल्या चिंधीची घडी घातली. मग बारीक आवाजात म्हणाले, "वहिनी, तिला तर ठाव व्हतं. शेंदूर मीच लावला म्हणून."

"व्हय. मी बी तेच म्हनलं, आगं कामून मागती याला? तर म्हनली, त्यांच्याच हातचा हाय, माझं ऐकंल."

दाजींनी चिंधी खिशात घातली आन् शेंदूर मागितला. बद्रीनाथ वाटी घेऊन आला. दाजी ओट्यापाशी बसले, तेलात शेंदूर कालवला आन् वरपासून लावत खाली आले. मी म्हणालो, "दाजी, तळाचं तेवढं राहू द्या. मॅडमना परत बघता यील." त्यांनी ऐकलं नाय. सबंध लेप म्हणजे सबंध. वल्ह्यांच्या टोकांवरून त्यांनी अंगठा फिरवला आन् तीही गेली.

लोकांनी हात जोडले, मीही जोडले. दाजींनी जोडले नायत. दगडाला कपाळ टेकवून ते हळूच म्हणाले, "आगं, आली व्हती बाई. देवगाव येईस्तोवर ऐकत व्हती."