आधी शेक, मग बटण

किस्से जमवायचे म्हणून कोणी जमवत नाही. दिवसभर कोणावर तरी चिडायचं, परत येताना गाडीत तोंड फुगवून बसायचं, आणि पंधरा दिवसांनी तीच गोष्ट सांगताना समोरचे हसायला लागले की समजायचं, झाला किस्सा! माझ्याकडे असे ढीगभर आहेत, कारण मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. काही तर अजून गेलेले नाहीत.

आमचं काम म्हणजे नवीन बसवलेला हीट पंप पहिल्यांदा सुरू करून देणं. हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज समजा. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घ्यायची आणि पाण्याला किंवा सुकवणीच्या खोलीला द्यायची. हॉटेलं, हॉस्टेलं, कांदा सुकवणारे, सगळ्यांकडे आता तो बसतोय. नाशिकच्या टीममध्ये आम्ही तिघं. इलेक्ट्रिकलचे भालेराव, गॅसच्या पाइपिंगचा अन्वर आणि इंजिनिअर म्हणून मी. दोघंही मला ताई म्हणतात, पण ऐकतात मात्र मनाला येईल तेव्हा.

या मशीनचा जीव कॉम्प्रेसरमध्ये. त्याच्या तळाशी तेल असतं. मशीन गार पडून राहिलं की आतला, फ्रीजमध्ये असतो तसा गॅस त्या तेलात मुरतो, आणि तसंच बटण दाबलं तर तेलाचा फेस होतो, आतल्या भागांना वंगण मिळत नाही आणि कॉम्प्रेसर कायमचा गप्प होतो. म्हणून त्याच्या पोटाला एक तापणारा पट्टा बांधलेला असतो. मशीन बंद ठेवायचं, पण मेन स्विच एक दिवस आधीपासून चालू ठेवायचा, म्हणजे पट्टा तापतो आणि गॅस तेलातून निघून जातो. आम्ही याला शेक म्हणतो. आधी शेक, मग बटण. एवढं एकच वाक्य लोकांनी लक्षात ठेवावं म्हणून मी किती घसा कोरडा केला असेल!

तरीही मागच्या पावसाळ्यात एका कॉन्ट्रॅक्टरने रविवारी, आम्हाला न बोलावता, शेक न देता मशीन सुरू केलं. कॉम्प्रेसर गेला. फोन कोणाला आला? मला. पुण्याहून आमचे डायरेक्टर साहेब म्हणाले, "तुम्ही त्याला नीट समजावलं नसेल. आणखी एक कॉम्प्रेसर गेला तर नाशिकची टीम बंद. इथून माणूस पाठवू."

हे साहेब आमच्याकडे येण्याआधी टाइल्स विकायचे. टाइल्सना शेक लागत नाही.

टीम बंद म्हणजे काय, ते आम्हा तिघांना नीट कळत होतं. भालेरावांना या वयात दुसरीकडे कोण घेणार? अन्वरची आई अंथरुणाला खिळलेली, तो गाव सोडू शकत नाही. आणि माझं म्हणाल तर मुलगा दहावीला, नवरा नाशिक रोडला नोकरीत. दुसऱ्याने मारलेल्या कॉम्प्रेसरपायी आम्ही तिघांनी घरी बसायचं, हा न्याय मला अजून पचलेला नाही. तेव्हापासून प्रत्येक साइटवर मी जीव मुठीत धरून जाते.

*

नामपूरला एका व्यापाऱ्याने कांदा सुकवायला मशीन घेतलं. आदल्या दिवशी आम्ही मेन स्विच चालू करून आलो. त्यांना समोर उभं करून सांगितलं, "अण्णा, या स्विचला हात लावायचा नाही. मशीनचं पोट गरम राहिलं पाहिजे."

"चिंता करू नका," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मेन स्विच बंद. कॉम्प्रेसरला हात लावला, तर माठाला लावावा तसा गार. मी विचारलं, बंद का केलात?

"बंद मशीनले लाईट कसाले, ताई? उगाच बिल वाढस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नामपूर काय नाशिकच्या कोपऱ्यावर आहे? सगळा दिवस वाया. मी म्हटलं, अहो, मी तुम्हाला गरम ठेवा म्हणून सांगितलं होतं ना?

अण्णा दुखावले. त्यांनी मला मशीनच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे घड्या करून ठेवलेल्या दोन गोधड्या होत्या.

"तुम्ही सांगं व्हतं, म्हणीसन तर रातभर पांघरूण टाकं ना!"

*

नाशिक रोडच्या एका मुलींच्या हॉस्टेलमध्ये मशीन सुरू होऊन लगेच बंद पडत होतं. मॅनेजरचा फोन, "तुमचं मशीन फॉल्टी आहे, बदलून द्या." बदलून द्या म्हटलं की मला डायरेक्टर साहेबांचा चेहरा दिसतो. आम्ही धावत गेलो.

हीट पंपातून पाणी सतत फिरावं लागतं. पाणी नसेल तर तयार झालेल्या उष्णतेला जायला जागा नसते, आतला दाब वाढतो. मशीन शहाणं असतं, ते स्वतःच थांबतं. अन्वरने गच्चीवर जाऊन पाहिलं तर पाण्याचा व्हॉल्व घट्ट बंद.

"हा कोणी बंद केला?" मी विचारलं.

"मीच," मॅनेजर म्हणाले. वर त्यांचाच आवाज चढलेला! "मॅडम, तुम्ही इंजिनिअर ना? आधी मशीन तर तापू द्या. तापलं की सोडतो पाणी."

म्हणजे डोसा करायला तवा तापवतात तसं. मी अन्वरकडे पाहिलं, अन्वर आभाळाकडे पाहत होता.

*

सायखेड्याला एका बागायतदाराने बेदाण्यासाठी मशीन घेतलं होतं. मी पोचल्या पोचल्या म्हणाले, आज चालू होणार नाही, अर्थिंग दिसत नाहीये. अर्थिंग म्हणजे मशीनच्या अंगात चुकून वीज उतरली तर ती जमिनीत जावी म्हणून टाकलेली वायर. ती नसेल तर मशीनला हात लावणारा माणूस मरू शकतो. हे मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि भालेरावांकडे वळून विचारलं, "मग साहेब, कधी चालू करायचं?"

भालेराव म्हणाले, "अर्थिंग नाहीये."

"मग हे आधी सांगायचं ना, साहेब!"

मी दात ओठ खाल्ले. तर बागायतदार म्हणे, अर्थिंग हाय की. आमच्या माणसानं कालच केलं. चला दाखवतो.

हिरवी वायर मशीनमधून निघून भिंतीच्या कडेने ओट्यापर्यंत अगदी व्यवस्थित, क्लिपा मारून नेली होती. तिचं टोक एका कुंडीत खोचलेलं. कुंडीत मोगरा.

मी वाकून कुंडीत पाहिलं. त्यांना वाटलं, मला माती पसंत पडली नाही.

"लय चांगली माती हाय," ते म्हणाले. "मळ्यातली हाय, काळी. रोज पाणी घालतो."

*

त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलातला किस्सा सांगताना मला आजही हसू येत नाही, लोक हसतात.

थ्री फेजच्या तीन वायरींचा क्रम ठरलेला असतो. क्रम चुकला तर आमचा कॉम्प्रेसर उलटा फिरतो आणि तसाच फिरत राहिला तर मरतो. म्हणून मशीनमध्ये एक छोटी डबी बसवलेली असते. क्रम चुकला की ती लाल दिवा लावते आणि मशीन सुरूच होऊ देत नाही. राखणदार म्हणा ना.

भालेरावांनी सकाळी क्रम तपासला, बरोबर होता. आम्ही जेवायला गेलो. तेवढ्यात हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनने मेन बोर्डातल्या वायरी रंग ओळीने छान दिसावेत म्हणून इकडच्या तिकडे केल्या. परत आलो तर हा माणूस मशीनचं झाकण उघडून बसलेला, आणि बोट स्टार्टच्या बटणावर.

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की रिसेप्शनवरची माणसं बाहेर आली.

तो शांतपणे उठला. खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढून त्याने माझ्या हातात दिली. आत ती डबी.

"ही खराब निघाली, मॅडम," तो म्हणाला. "सारखा लाल दिवा लावत होती. काढून टाकली, डायरेक्ट करून दिलं."

*

आता जो सांगते आहे तो किस्सा म्हणावा की नाही, मला ठरवता येत नाही.

एका सोसायटीत भालेराव पॅनेलमध्ये काम करत होते. आमची पद्धत अशी की मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची आणि वर पाटी अडकवायची: 'माणूस काम करत आहे. चालू करू नये.' सोसायटीच्या पाण्याचा पंप त्याच बोर्डावर होता. तासाभराचं काम, सगळ्यांना आधी कळवलेलं.

भालेराव मधेच पाणी प्यायला उठले. परत आल्यावर वायरीला हात लावण्याआधी त्यांनी टेस्टर लावला. ही त्यांची जुनी सवय, मी तिच्यावरून त्यांना चिडवायचे, की काका, देवळात पण घंटेला टेस्टर लावत असाल. टेस्टर पेटला. पॅनेलमध्ये वीज होती.

मेन बोर्डाशी गेलो तर आमचं कुलूप तोडून खाली टाकलेलं, शेजारी हातोडी. चेअरमन तिथेच उभे. माझा हात उठायचाच बाकी होता. मी विचारलं, पाटी वाचली नाहीत?

"वाचली ना," चेअरमन म्हणाले.

"त्यावर माणूस काम करतोय असं लिहिलंय."

"हो, पण आमच्याकडे पाहुणे आलेत. त्यांना अंघोळीला उशीर होत होता."

भालेराव पायरीवर बसून राहिले. मी मात्र बोलले, आणि जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. सोसायटीने माझी तक्रार केली. उद्धट वर्तन म्हणून.

*

आणि आता शेवटचा. यात्रेकरूंसाठी एका ट्रस्टने नवीन भक्तनिवास बांधलं. गरम पाण्याला आमचा सगळ्यात मोठा हीट पंप. उद्घाटनाला बटण दाबायला खुद्द आमचे डायरेक्टर साहेब येणार होते. आदल्या दिवशी आम्ही सगळं तपासलं, शेक सुरू केला, निश्चिंत मनाने घरी गेलो.

सकाळी अन्वरने कॉम्प्रेसरला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. पुन्हा माठासारखा गार.

मेन स्विच ट्रस्टच्या अध्यक्षांनी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने बंद केला होता. कारण विचारलं तर म्हणाले, "गुरुजींनी मुहूर्त काढून दिलाय. पहिली वीज मुहूर्तावरच गेली पाहिजे. आधीच चालू असेल तर मुहूर्त कशाचा करायचा?"

थंडीचे दिवस. मशीन रात्रभर गच्चीवर गार पडलेलं. मुहूर्त तासाभरावर. हारतुरे तयार, गुरुजी नारळ हातात घेऊन उभे, आणि डायरेक्टर साहेब गाडीतून उतरत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, सर, आज सुरू करता येणार नाही. केलं तर कॉम्प्रेसर जाईल. उद्या सकाळी करू.

साहेबांनी कोट नीट केला. "एवढी माणसं जमलीत. मुहूर्तावर सुरू होणार म्हणजे होणार. आणि कॉम्प्रेसर गेला तर काय होईल, ते तुम्हाला मी आधीच सांगितलंय."

म्हणजे सुरू केलं नाही तरी आम्ही घरी, सुरू केलं तरी आम्ही घरी! रागाने माझे कान तापले होते. पट्टा नसला तरी मीच त्या कॉम्प्रेसरला शेक दिला असता.

मी भालेरावांना म्हणाले, "काका, झाकण उघडा." भालेरावांनी कॉम्प्रेसरला सुरू व्हायचा हुकूम देणारी वायर काढली, टोकाला टेप गुंडाळला आणि झाकण लावून टाकलं. आता बटण दाबलं की पंखा फिरणार, पाण्याचा पंप चालणार, हिरवा दिवा लागणार. कॉम्प्रेसर जागचा हलणार नाही. मेन स्विच लावला की मुकाट्याने शेक घेत बसेल.

मुहूर्त आला. मेन स्विच चालू झाला, मंत्र म्हटले गेले, नारळ फुटला. पाणी पॅनेलवर उडू नये म्हणून अन्वर ताटली धरून उभा होता. साहेबांनी बटण दाबलं. पंखा घुमला, हिरवा दिवा लागला, पाइपमधून पाणी वाहायला लागलं. टाकीतलं रात्रभराचं गारढोण पाणी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, बघा तरी हात लावून."

साहेबांनी पाइपला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बाप रे," ते म्हणाले. "काय चटका बसला!"

गर्दीतून वा वा झालं. साहेब माझ्याकडे वळले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आणि तुम्ही म्हणत होता उद्या करू. एक दिवस आधी, एक दिवस आधी! बघा, दोन मिनिटांत काय तापलंय."

भालेराव खाली मान घालून पकडीशी खेळत होते. अन्वर ताटली घेऊन पाठमोरा झाला होता. साहेब बोटांवर फुंकर घालत उभे.

मी म्हटलं, "सर, मलम आणू का?"

"असेल तर द्या," साहेब म्हणाले.