अक्काचं कपाट आणि भाऊजींचं विमान

१९५८ सालची आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमी. स्थळ, मारतहळ्ळीच्या नाचणीच्या शेतांपलीकडचा माळ. हजर: माझी थोरली बहीण अक्का; तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी; मी; एक कोहळा; आणि भाऊजींनी मल्लेश्वरमच्या घरात, हॉलमध्ये बांधलेलं विमान.

भाऊजींइतका सावध माणूस विमान बांधण्याच्या फंदात अख्ख्या पृथ्वीवर दुसरा पडला नसेल. नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, त्यामुळे पोचेपर्यंत कशाचाच भरवसा नाही हे त्यांचं तत्त्वज्ञान. हौशी लोकांनी घरी बांधलेली विमानं का पडतात याचा त्यांचा अभ्यास दांडगा. ‘‘इंजिन बंद पडलं तर माणूस तरंगत खाली येतो,’’ ते म्हणत, ‘‘पण विमान वळवणारी तार फसली की संपलं.’’ पंगतीत लोणचं यायला उशीर झाला, तरी कप्पीत काही अडकलं का, असं विचारत. तार टिकते का ते बघायला त्यांनी ती परसात बांधली आणि अक्काची लुगडी दोन पावसाळे विमानाच्या तारेवर वाळली. मग घरातल्या दारांना तारा लागल्या. आंघोळीला बसल्याबसल्या पुढचं दार लावता यावं अशी सोय होती. एके दिवशी लावायला ओढलेल्या तारेनं ते उघडलं आणि गल्लीतली गाय थेट स्वयंपाकघरात आली. अक्का म्हणाली, ‘‘खाली आहात म्हणून गाय आली. वर असतात तर रेडा आला असता.’’

भाऊजींनी हे फार मनावर घेतलं. रोज संध्याकाळी विमानाच्या तारांची तपासणी सुरू झाली. एक पंख खिडकीतून बाहेर, दुसरा देवघरात, शेपटी भिंतीला आणि मागे जायच्या वाटेवर अक्काचं लग्नातलं सागवानी कपाट. त्यामुळे अक्का विमानासमोर उभी राही. पंखांच्या मागच्या कडेला झडपा असतात. भाऊजी आत बसून दांडा डावीकडे ओढत. डावी झडप वर उचलली गेली पाहिजे. अक्का सांगे, ‘‘डावं वर.’’ भाऊजी म्हणत, ‘‘सरी,’’ म्हणजे ठीक.

आयुधपूजेला पंख सोडवून, सगळं बैलगाडीवर लादून माळावर नेलं आणि खुणा बघून होतं तसं जोडलं. अक्कानं कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, पुढ्यात कोहळा फोडला. फोडलेला कोहळा ओलांडायचा नाही, म्हणून ती या वेळी विमानाच्या मागे जाऊन उभी राहिली. भाऊजींनी दांडा डावीकडे ओढला.

‘‘उजवं वर,’’ अक्का म्हणाली.

‘‘नीट बघ.’’

‘‘नीटच बघतेय. उजवं.’’

‘‘तुझं उजवं की माझं?’’

‘‘अहो, आता दोघांची तोंडं एकीकडेच आहेत. तुमचं-माझं उजवं एकच.’’

पहिल्यापासून तारा उलट जोडल्या होत्या, आणि समोर उभी अक्का भाऊजींच्या उजव्याला आपलं डावं म्हणत होती. उडाले असते, तर सावरायला गेल्यावर भलत्याच बाजूला कलंडले असते. ते खाली उतरले आणि त्यांनी कोहळ्याला नमस्कार केला.

विमान घरी आणून पुन्हा हॉलमध्ये जोडलं, तारा बदलल्या. पण मागून खात्री केल्याशिवाय विमान बाहेर काढायचं नाही, असा त्यांनी पण केला. समोरूनही कळतं की आता, असं मी म्हटलं, तर म्हणाले, ‘‘समोरून एकदा फसलोय.’’ तेव्हा कपाट हलवणं आलं. मी दर भेटीत यादी सांगायची: चार माणसं, दोर, खाली घालायला पोती. भाऊजी अक्काकडे बघत. अक्का म्हणे, ‘‘स्वल्प थांबा, आत काचेचं सामान आहे.’’ दर रविवारी आत काचेचं सामान असे. भाऊजींनी कधी घाई केली नाही. दर आयुधपूजेला ते विमानात बसत, अक्का समोरून म्हणे, ‘‘माझं उजवं, तुमचं डावं वर,’’ आणि दोघं पुरणपोळी खायला उठत.

मागच्या वर्षी भाऊजी गेले. परवा अक्कानं मला बोलावून घेतलं. कपाट सताड उघडं होतं. आत काचेचं काही नव्हतं, नुसती लुगडी.

‘‘माणसं बघ गं,’’ ती म्हणाली. ‘‘मागून एकदा बघायचं राहिलंय.’’

माणसं मिळाली आहेत. दोर आणला, पोतीही आली. आत बसून दांडा कोण ओढणार, तेवढं ठरायचं आहे.